लीग बंद, मैदानं बंद, कोच हजर: क्वेसी अपिया आणि सुदानची टीम

हा मागच्या एपिसोडचा लेखी अवतार. जसाच्या तसा ट्रान्सक्रिप्ट टाकला असता तर त्यात अर्धं "म्हणजे" आणि अर्धं "ॲक्च्युअली" निघालं असतं, म्हणून थोडी झाडलोट केलीय. बोलताना घाईत सुटलेल्या काही गोष्टीही घातल्यात. ज्यांनी बसमध्ये अर्धाच एपिसोड ऐकला आणि स्टॉप आला, त्यांनी इथून पुढे वाचायला हरकत नाही.

सुरुवात एका मॅचपासून करू. तारीख १५ ऑक्टोबर २०२४. आफ्रिका चषकाची, म्हणजे ॲफकॉनची पात्रता फेरी. यजमान सुदान, पाहुणा घाना. पण मॅच सुदानमध्ये नाही, लिबियातल्या बेंगाझीत. सुदानच्या टीमचं 'होम ग्राउंड' दुसऱ्याच देशात, कारण स्वतःच्या देशात दीड वर्षापासून युद्ध चालू होतं. आणि सुदानच्या बाकावर बसलेला कोच सुदानी नव्हता. तो घानाचा होता. साधासुधा घानाचा नाही. त्याच घानाचा माजी खेळाडू, माजी कप्तान आणि दोन वेळचा माजी कोच.

सुदानने ती मॅच २-० अशी जिंकली. दोन्ही गोल उत्तरार्धात.

त्या कोचचं नाव जेम्स क्वेसी अपिया. आजची गोष्ट त्यांची. पण ती सांगायची तर निम्मी गोष्ट सुदानची सांगावी लागणार, त्याशिवाय या माणसाने नक्की काय काम केलं ते कळत नाही.

मला या विषयात रस कसा आला तेही सांगतो. पुण्यात इंजिनिअरिंगला होतो तेव्हा आमच्या होस्टेलवर एक सुदानी मुलगा होता. पुण्यात सुदानी विद्यार्थी खूप वर्षांपासून येतात, पुणेकरांना ते नवीन नाही. हा ओमदुर्मानचा. पहिल्याच आठवड्यात त्याने मेसमध्ये आम्हाला समजावलं की सुदानमध्ये माणसाला आधी नाव विचारतात आणि मग विचारतात, हिलाल का मेरीख? दोन्ही क्लब ओमदुर्मानचे, दोघांची मैदानं एकमेकांपासून चालत जाण्याच्या अंतरावर. हिलाल म्हणजे चंद्रकोर, रंग निळा-पांढरा. मेरीख म्हणजे मंगळ, रंग लाल-पिवळा. हा पठ्ठ्या हिलालचा. मेरीखचं नाव निघालं की ताटावरून उठायचा, आणि आम्ही ते नाव मुद्दाम काढायचो.

नकाशा डोळ्यासमोर आणा. निळी नाईल आणि पांढरी नाईल जिथे भेटतात तिथे तीन शहरं एकमेकांना चिकटून आहेत: खार्टूम, ओमदुर्मान आणि उत्तर खार्टूम. पुणे आणि पिंपरी-चिंचवड जसं आहे तसं समजा, फक्त मध्ये नद्यांचे मोठे पात्र. राजधानी खार्टूम, पण फुटबॉलचं काळीज ओमदुर्मानमध्ये.

आणि फुटबॉलच्या बाबतीत सुदान म्हणजे कोणी आलतूफालतू देश नाही. आफ्रिकेचं फुटबॉल चालवणारी संघटना, सीएएफ, तिची स्थापनाच १९५७ च्या फेब्रुवारीत खार्टूममध्ये झाली. संस्थापक चार: इजिप्त, सुदान, इथिओपिया आणि दक्षिण आफ्रिका. पहिला आफ्रिका चषकही त्याच महिन्यात, तिथेच. खेळले मात्र तीनच संघ. दक्षिण आफ्रिका वर्णभेदामुळे मिश्र संघ पाठवायला तयार नव्हती, म्हणून बाहेर. पुढे १९६३ च्या अंतिम सामन्यात घानाने अक्रामध्ये सुदानला ३-० ने हरवलं. १९७० मध्ये सुदानने खार्टूममध्ये त्याच घानाला १-० ने हरवून चषक जिंकला. सुदानचा तो आजवरचा एकमेव आफ्रिका चषक. म्हणजे या दोन संघांचं जुनं खातं आहे, २०२४ मध्ये उघडलेलं नाही.

त्यानंतर सुदानची गाडी घसरली ती घसरलीच. १९७६ नंतर थेट २००८ मध्ये ते पुन्हा स्पर्धेत दिसले. तेव्हाचे कोच मोहम्मद अब्दल्ला, ज्यांना सगळा सुदान 'माझदा' या टोपणनावाने ओळखतो. २००८ मध्ये तीन मॅच, तिन्ही पराभव, आणि तिन्हीचा स्कोअर ०-३. इतकी सातत्यपूर्ण कामगिरी मी आमच्या कॉलेज टीममध्येही पाहिली नाही. पण २०१२ मध्ये माझदांनीच संघाला उपांत्यपूर्व फेरीपर्यंत नेलं. बुर्किना फासोवर २-१ असा विजय मिळाला, १९७० नंतरचा सुदानचा या स्पर्धेतला पहिला विजय. बेचाळीस वर्षांनी! पुढे झांबियाने त्यांना हरवलं आणि मग झांबियानेच चषक जिंकला.

माझदांचं उदाहरण मुद्दाम दिलं. आफ्रिकेतल्या बऱ्याच संघटनांना घरच्या कोचवर भरवसा नसतो. युरोपातून कोणीतरी आणायचा, तो दोन वर्षं राहणार, हरला की पुढचा युरोपियन. अपियांची स्वतःची कारकीर्द याच भिंतीला धडका देत झाली.

आता त्यांच्याकडे वळू. जन्म ३० जून १९६०, घानातल्या कुमासीचा. लेफ्ट बॅक. फुटबॉलमध्ये पोस्टर कोणाचं लागतं? स्ट्रायकरचं. लेफ्ट बॅकचं पोस्टर त्याच्या आईनेही लावलेलं नसतं. अपिया खेळले कुमासीच्याच असांते कोटोको या क्लबकडून, जो घानातल्या सगळ्यात मोठ्या दोन क्लबांपैकी एक. क्लबचे कप्तान झाले, देशाचेही झाले. ज्या काळात घानाकडे अबेदी पेलेसारखा जादूगार होता त्या काळातला हा मागच्या फळीतला, आवाज न करणारा माणूस. त्यांनी नंतर पुस्तक लिहिलं त्याचं नावच 'लीडर्स डोन्ट हॅव टू येल'. पुढारी व्हायला ओरडावं लागत नाही. ओरडणाऱ्या मॅनेजरच्या हाताखाली काम केलेल्या माझ्यासारख्यांनी हे नाव फ्रेम करून लावावं.

खेळणं संपल्यावर कोचिंग. घानाच्या राष्ट्रीय संघाचे सहायक कोच म्हणून ते बरीच वर्षं होते. सर्बियाचे मिलोवान रायेवाच मुख्य कोच होते, नंतर सर्बियाचेच गोरान स्तेवानोविच. अपिया शेजारी. २०११ मध्ये त्यांनी घानाच्या २३ वर्षांखालील संघाला मापुटोच्या ऑल-आफ्रिका गेम्समध्ये सुवर्णपदक मिळवून दिलं. एप्रिल २०१२ मध्ये मुख्य संघ त्यांच्या हाती आला.

घाना आधी २००६ आणि २०१० असे दोन विश्वचषक खेळला होता, दोन्हींत कोच सर्बियन. २०१४ साठी संघ पात्र ठरला तो अपियांच्या हाताखाली. घानाला विश्वचषकात नेणारा पहिला घानाचा कोच. आणि पात्र ठरला कसा, तर प्लेऑफच्या पहिल्या मॅचमध्ये कुमासीत इजिप्तला ६-१ हरवून. हो, इजिप्त. सहा-एक. ज्या शहरात जन्म झाला त्याच शहरात.

मग ब्राझील. तिथे जे झालं ते फुटबॉलपेक्षा एचआर विभागाच्या वाईट स्वप्नासारखं होतं. पहिल्या मॅचमध्ये अमेरिकेने पहिल्याच मिनिटात गोल केला आणि घाना १-२ हरला. दुसऱ्या मॅचमध्ये जर्मनीशी २-२. त्या वर्षी चषक जिंकलेल्या जर्मनीला त्या स्पर्धेत बरोबरीत रोखणारा घाना हा एकटा संघ, हे लोक विसरतात. पण तोवर खेळाडूंचं मानधन आलेलं नव्हतं. खेळाडू अडून बसले: पैसे द्या आणि रोख द्या. शेवटी घाना सरकारने सुमारे ३० लाख डॉलरची रोकड विमानात भरून ब्राझीलला पाठवली. नोटांची विमानाने वाहतूक! त्यातच सुली मुंतारी आणि केव्हिन-प्रिन्स बोआटेंग या दोन मोठ्या खेळाडूंना बेशिस्तीबद्दल संघाबाहेर काढावं लागलं, तेही पोर्तुगालविरुद्धच्या शेवटच्या मॅचच्या दिवशी. ती मॅच १-२ गेली आणि घाना घरी.

मला विचाराल तर अपियांच्या आयुष्यातला हा सगळ्यात उपयोगी धडा होता. त्यांना तेव्हाच कळलं असणार की कोचच्या कामात फळ्यावर बाण काढणं हा फार तर एक चतुर्थांश भाग. बाकीचं म्हणजे विमान, हॉटेल, थकलेले पैसे, चिडलेली माणसं. सुदानमध्ये जे पुढे वाट्याला आलं त्याची ही जणू चाचणी परीक्षा.

सप्टेंबर २०१४ मध्ये घानाने त्यांना मोकळं केलं. आणि ते गेले कुठे? खार्टूमला. डिसेंबर २०१४ मध्ये अल खार्टूम या क्लबचे कोच झाले. मघाशी सांगितलं तसं, सुदानमध्ये हिलाल आणि मेरीख सोडून तिसरं कोणी असतं याची लोक दखलही घेत नाहीत. विश्वचषक खेळलेला कोच या तिसऱ्या नंबरच्या गर्दीत येऊन दोन वर्षांहून जास्त काळ राहिला. बरेच लोक याला उतरण म्हणतील. पण त्या काळात त्यांनी सुदानी खेळाडू रोज पाहिला, तिथलं ऊन, तिथली मैदानं, तिथली भाषा, कोण कोणाशी का बोलत नाही, हे सगळं. २०१७ मध्ये घानाने पुन्हा बोलावलं. २०१९ च्या ॲफकॉनमध्ये घाना शेवटच्या सोळांत ट्युनिशियाकडून पेनल्टीवर हरला आणि काही महिन्यांत दुसरी कारकीर्दही संपली.

आता १५ एप्रिल २०२३.

त्या दिवशी खार्टूममध्ये सुदानचं लष्कर आणि रॅपिड सपोर्ट फोर्सेस, म्हणजे आरएसएफ हे निमलष्करी दल, एकमेकांवर तुटून पडले. एका बाजूला जनरल बुरहान, दुसऱ्या बाजूला हेमेदती. हे दोघे आधी एकत्रच सत्तेत होते. लढाई सीमेवर नाही, राजधानीच्या गल्ल्यांत. ओमदुर्मान पहिल्या दिवसापासून रणांगण. आपल्याकडे तेव्हा 'ऑपरेशन कावेरी'च्या बातम्या होत्या, पोर्ट सुदानहून जेद्दामार्गे भारतीयांना परत आणलं ते हेच. आपली माणसं परतली आणि बातम्याही थांबल्या. सुदानी माणसं कुठे परतणार? एक कोटीहून जास्त लोक घर सोडून पांगले, कोणी देशातच, कोणी इजिप्त, चाड, दक्षिण सुदानमध्ये. जगातलं सगळ्यात मोठं विस्थापन म्हणून संयुक्त राष्ट्रं याचा उल्लेख करतात. माझा होस्टेलमधला मित्र तेव्हा सुदानबाहेर नोकरीला होता, त्याचं घर मात्र ओमदुर्मानमध्ये. आमच्या ग्रुपवर त्याचा मेसेज आला होता, घरच्यांचा फोन दोन दिवस लागत नाहीये. आम्ही सगळ्यांनी हात जोडल्याचे इमोजी टाकले. दुसरं काय टाकणार होतो, आजही सुचत नाही.

लीग अर्थातच बंद पडली. आणि राष्ट्रीय संघाला कोच हवा होता. सप्टेंबर २०२३ मध्ये, युद्ध पाच महिन्यांचं झालेलं असताना, अपियांनी हे काम स्वीकारलं.

आता जरा थांबून विचार करा, या नोकरीत नक्की काय करायचं? राष्ट्रीय कोचचं काम साधारण असं असतं: देशातली लीग बघायची, परदेशात खेळणाऱ्यांवर नजर ठेवायची, महिन्या-दोन महिन्यांनी वीस-पंचवीस जण बोलवायचे, आठवडाभर सराव, दोन मॅच, घरी पाठवायचे. खेळाडूला फिट ठेवायचं काम क्लबचं. इथे क्लबच बेघर. खेळाडू काही कैरोत, काही आखाती देशांत नातेवाइकांकडे, काही देशातच अडकलेले. महिनोन्‌महिने मॅच नाही. फुटबॉलरचे पाय सहा महिने मॅचविना राहिले तर काय होतं हे लॉकडाऊननंतर टर्फवर गेलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. आपली मांडी धरते, त्यांचं करिअर जातं.

मार्ग दोन ठिकाणांहून निघाला. पहिलं, सौदी अरेबिया. राष्ट्रीय संघाची शिबिरं तिथे भरायला लागली. यात एक विचित्र फायदा होता: एरवी क्लब खेळाडू सोडायला कुरकुर करतात, इथे लीगच नसल्यामुळे खेळाडू राष्ट्रीय कोचच्या ताब्यात जास्त दिवस राहू शकत होते. दुसरं ठिकाण मॉरितानिया. सुदानपासून हजारो किलोमीटर पश्चिमेला, अटलांटिकच्या काठावर. हिलाल आणि मेरीख हे दोन्ही क्लब २०२४-२५ च्या हंगामात मॉरितानियाच्या लीगमध्ये पाहुणे म्हणून खेळले. हिलालने तर तिथे गुणतक्त्यात पहिला नंबर काढला. पाहुण्याने येऊन यजमानाच्या ताटातली पुरणपोळी उचलावी तसं. आमच्या भाषेत सांगायचं तर मुख्य सर्व्हर जळाला, पण बॅकअप दुसऱ्या खंडाच्या टोकाला चालू राहिला.

आणि सुदानच्या राष्ट्रीय संघाचा कणा याच दोन क्लबांचा. ज्यांच्या मैदानांमध्ये चालत जाण्याचं अंतर, त्या दोघांचे खेळाडू आता परक्या देशात एकाच बोटीत. मला "संकटात शत्रूही एक होतात" वगैरे वाक्यं आवडत नाहीत आणि मी त्यांच्या ड्रेसिंग रूममध्ये नव्हतो. पण साधी गोष्ट आहे, एकाच लीगमध्ये, एकाच हवेत, नियमित मॅच खेळणारे पंधरा-सोळा खेळाडू कोचला मिळाले. युद्धातल्या देशाच्या कोचसाठी ही चैन होती.

निकाल लगेच दिसायला लागले. विश्वचषक २०२६ च्या पात्रता फेरीत नोव्हेंबर २०२३ मध्ये बेंगाझीत सुदानने काँगो लोकशाही प्रजासत्ताकाला, म्हणजे किन्शासावाल्या मोठ्या काँगोला, १-० ने हरवलं. जून २०२४ मध्ये मॉरितानियात जाऊन २-०. त्याच महिन्यात जुबामध्ये दक्षिण सुदानविरुद्ध ३-०. दक्षिण सुदान २०११ मध्ये सुदानपासूनच वेगळा झालेला देश, त्यामुळे ती मॅच म्हणजे नुसते तीन गुण नव्हते. काही काळ सुदान गटात सेनेगलच्याही वर होता. शेवटी सेनेगल आणि काँगोच्या मागे तिसरा आला, विश्वचषक हुकला. पण युद्ध सुरू झालं तेव्हा हा संघ तिसरा येईल असं कोणी म्हटलं असतं तर लोक हसले असते.

आता ॲफकॉनची पात्रता. इथे मला आकडे आवडतात म्हणून जरा रेंगाळतो. गटात अंगोला, घाना, नायजर आणि सुदान. पहिले दोन आत. ड्रॉ निघाला आणि घानात कुजबुज सुरू झाली, कारण अपिया २०२३ मध्ये घाना फुटबॉल असोसिएशनच्या कार्यकारी मंडळावरही निवडून आले होते. म्हणजे एकच माणूस घानाच्या संघटनेत पदाधिकारी आणि घानाच्या प्रतिस्पर्ध्याचा कोच! आपल्याकडे एखाद्या सोसायटीच्या कमिटी मेंबरने बिल्डरच्या बाजूने केस लढावी तसा प्रकार. टीका चुकीची होती असं मला वाटत नाही. हितसंबंधांचा प्रश्न खरा होता.

सुदानचे सहा सामने असे गेले. नायजरवर १-० विजय, तोही 'घरचा' सामना जुबात खेळून. अंगोलात १-२ पराभव. अक्रामध्ये घानाशी ०-०. पाच दिवसांनी बेंगाझीत घानावर २-०. मग नायजरकडून ०-४, अक्षरशः धुलाई. आणि शेवटी बेंगाझीत अंगोलाशी ०-०. गोल केले चार, खाल्ले सहा. गोलफरक उणे दोन, आणि तरीही आठ गुणांसह पात्र. सहापैकी चार सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, आणि आठही गुण त्याच चार सामन्यांतून आले. लेफ्ट बॅकने बांधलेला संघ आहे, हे स्कोअरकार्डवरच दिसतं.

त्या शेवटच्या ०-० ची किंमत बघा. शेवटच्या दिवशी, १८ नोव्हेंबर २०२४ ला, सुदानचे सात गुण, नायजरचे चार. तिकडे नायजरने अक्रामध्ये घानाला २-१ हरवलं, म्हणजे त्यांचेही सात झाले. गुण समान असते तर आपसातले सामने बघतात, आणि त्यात नायजर ४-१ ने पुढे. म्हणजे सुदान त्या रात्री हरला असता तर नायजर मोरोक्कोला गेला असता. ज्या ०-० ला आपण "बोअर मॅच" म्हणून चॅनेल बदलतो, तसलीच ही मॅच. तिच्यात एक देश स्पर्धेत गेला.

आणि घाना? गटात शेवटचा. सहा सामने, एकही विजय नाही, तीन गुण. २००४ नंतर पहिल्यांदा घाना ॲफकॉनला नव्हता. चार वेळा चषक जिंकलेला, मोहम्मद कुदुससारखे खेळाडू असलेला देश. ज्याला आपण दोनदा कोच केलं आणि दोनदा घरी पाठवलं, त्याने ज्या संघाला मैदान नाही अशा संघासोबत येऊन आपल्याला हरवावं, हे पचायला जड जाणारच. पण याला सूडकथा करू नका. एपिसोडनंतर दोघातिघांनी मेसेज केले, "भारी बदला घेतला". घानाने सामने गमावले ते अंगोला आणि नायजरविरुद्धसुद्धा. एकट्या अपियांनी त्यांना बुडवलं नाही.

पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये 'चॅन' स्पर्धा झाली. ही स्पर्धा फक्त आपापल्या देशाच्या क्लबमध्ये खेळणाऱ्या खेळाडूंसाठी असते. आता गंमत बघा, दोन वर्षं ज्या देशात धड लीग नाही त्या देशाचा 'देशी खेळाडूंचा' संघ! क्लब सुदानचे म्हणून खेळाडू सुदानचे, मग मॅच कुठेही होवोत. त्यांनी झांझिबारमध्ये नायजेरियाला ४-० हरवलं. नायजेरियाला! मग अल्जीरियाला पेनल्टीवर. उपांत्य फेरीत मादागास्करकडून जादा वेळेत ०-१, तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात सेनेगलकडून पेनल्टीवर हार. चौथा क्रमांक.

यानंतर मी एपिसोडमध्ये जरा अडखळलो होतो, तो भाग लिहितानाही सोपा नाही. २६ ऑक्टोबर २०२५ ला दारफूरमधलं अल फाशेर शहर दीड वर्षाच्या वेढ्यानंतर आरएसएफच्या हातात गेलं. त्यानंतर तिथे ज्या सामूहिक हत्यांच्या बातम्या आल्या, त्या मी इथे पुन्हा लिहीत नाही. ॲफकॉन त्यानंतर दोन महिन्यांनी. या संघातल्या खेळाडूंची घरं, नातेवाईक, मित्र युद्धात गेलेले आहेत. अशा वेळी "फुटबॉलने देशाला हसू दिलं" ही हेडलाइन मला खरंच टोचते. गोलने बॉम्ब थांबत नाहीत. ज्याच्या घरावर तोफगोळा पडला त्याला बेंगाझीतल्या स्कोअरने छप्पर मिळत नाही. उलट बाजूही आहे. माझ्या मित्राला मी हे बोलून दाखवलं तेव्हा त्याने फक्त एवढं लिहिलं की दोन वर्षांत टीव्हीवर 'सुदान' हा शब्द लढाईशिवाय कधी ऐकला असेल तर तो मॅचमध्येच. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात, मी त्यांचा मेळ घालायच्या भानगडीत पडत नाही.

मोरोक्कोत २४ डिसेंबरला पहिली मॅच अल्जीरियाशी, ०-३. सगळ्यांना २००८ आठवलं. दुसरी मॅच २८ तारखेला इक्वेटोरियल गिनीशी. १-०, आणि तो एकमेव गोल प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूच्या अंगाला लागून त्यांच्याच जाळ्यात गेलेला. माझदांच्या २०१२ च्या विजयानंतरचा सुदानचा स्पर्धेतला पहिला विजय, स्वयंगोलाने. चालेल की. आपण काय कमी सामने वाइड बॉलवर जिंकलेत? वर्षाच्या शेवटच्या दिवशी बुर्किना फासोकडून ०-२. पण तीन गुणांवर तिसऱ्या क्रमांकाच्या संघांतून सुदान शेवटच्या सोळांत शिरला.

३ जानेवारी २०२६, टॅन्जिअर. समोर सेनेगल. सहाव्या मिनिटाला आमिर अब्दल्लाने पेनल्टी बॉक्सच्या कडेवरून चेंडू असा वळवला की गोलकीपर हवेत आणि चेंडू वरच्या कोपऱ्यात. ऑस्ट्रेलियातल्या फुटबॉलमधून आलेला हा खेळाडू, आणि अख्ख्या स्पर्धेत सुदानच्या खेळाडूने केलेला हा एकच गोल. काही मिनिटं सुदान सेनेगलच्या पुढे होता. मग पाप गेने दोन गोल केले, सतरा वर्षांच्या इब्राहिम एम्बायेने तिसरा. १-३.

मी ती मॅच मोबाइलवर बघत होतो. त्या गोलनंतर ग्रुप उघडला, तर मित्राचा मेसेज आधीच येऊन पडलेला. त्यात शब्द नव्हते, नुसती चंद्रकोर होती, निळ्या हृदयाशेजारी. मी मुद्दाम मंगळाचा लाल गोळा पाठवला. त्याने मला ग्रुपमधून काढून टाकलं. अर्ध्या तासाने, १-२ झाल्यावर, परत घेतलं.